फेसांतील किडा व त्याच्यावरील आळ

युरोपखंडांत वसंत ऋतु सुरू झाला म्हणजे कुरणांतील गवतावर, रानफुलांच्या देठांवर व बागेंतल्या रोझमेरीच्या झुडुपांवर पांढऱ्या फेसाचे लहान लहान गोळे दिसूं लागतात. जणूं कोणी वाटसरू जातां जातां थुंकून गेला! इंग्लंडांतील खेडुतांस वाटे कीं, त्याच सुमारास येणाऱ्या कुकू पक्ष्याची ही थुंकी असावी. इटलींत तर त्या किड्याचें 'स्पुताक्किना' हें नांवच थुंकीवरून पडलें आहे. दोन्ही नांवें अन्यायाचीं आहेत. फेसांत थुंकी मुळींच नसते. बोटानें तो हलकेच बाजूस सारावा, तर आंत फिकट हिरव्या रंगाचें, मऊ अंगाचें एक इवलेंसें पिल्लूं देठास चिकटून रस पीत बसलेलें आढळतें.

ह्या किड्याचें शास्त्रीय नांव फिलीनस स्पुमेरियस. तो युरोपचा मूळचा रहिवासी असून १,००० हून अधिक जातींच्या वनस्पतींवर त्याचा निर्वाह चालतो. मुळांनीं शोषलेलें पाणी ज्या नलिकांतून शेंड्याकडे चढतें, त्या नलिकांस तो आपली सोंड लावतो. त्या पाण्यांत सत्त्व अगदींच थोडें. म्हणून पोट भरावयाचें तर दिवसाकाठीं स्वतःच्या वजनाच्या शेंकडों पट पाणी प्यावें लागतें, व बहुतेक सारें बाहेर टाकावें लागतें. ह्या टाकाऊ पाण्यांतच पिल्लूं शेपटीकडून हवेचे बुडबुडे मिसळतें आणि फेसाचें घर उभारतें. ऊन, वारा व शत्रु ह्यांपासून त्या मऊ देहाचें रक्षण ह्याच घरांत होतें. काडी न मोडतां, माती न उकरतां, निव्वळ सांडपाण्यावर घर बांधणारा असा गवंडी विरळाच! पुढें पंख फुटले म्हणजे तो फेस सोडून बाहेर पडतो. लांबी अवघी ५ ते ७ मिलिमीटर. परंतु केंब्रिज येथील प्राध्यापक माल्कम बरोज ह्यांनीं २००३ सालीं दाखवून दिलें कीं, तो ७० सेंटिमीटरपर्यंत उंच उडी मारतो. पिसूची कीर्ति फुकटच गाजली म्हणावयाची.

अशा ह्या जीवावर गेल्या कांहीं वर्षांत मोठा आळ आला आहे. इटलीच्या नकाशांत बुटाची जी टांच दिसते, तो सालेंतो नांवाचा मुलूख. मराठींत ज्यांस आपण जैतून म्हणतों, त्या ऑलिव्हचीं शेंकडों वर्षांचीं झाडें तेथें आहेत. आजोबानें लावलेल्या झाडाचें तेल नातू विकतो, असें म्हणणेंही तेथें अपुरेंच; कारण कित्येक झाडें लावणारा कोण होता, हें आज कोणासच ठाऊक नाहीं. गाल्लिपोली गांवाच्या आसपास हीं झाडें शेंड्याकडून करपूं लागलीं, आणि ऑक्टोबर २०१३ मध्यें रोगाचें निदान झालें. झायलेला फास्टिडिओसा नांवाचा एक जंतु झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढतो, त्या तुंबतात, व झाड भर ओलींत तहानेनें मरतें. आजवर लक्षावधि झाडें ह्या रोगानें ग्रासलीं, आणि रोगी झाड पूर्ववत् करील असें औषध नाहीं. पुढल्याच वर्षीं सिद्ध झालें कीं, जंतु झाडावरून झाडावर पोंचविणारा तो हा फेसांतला किडा.

लोकांचा क्षोभ समजण्यासारखा होता. पोटच्या पोराप्रमाणें सांभाळलेलें झाड सरकारी करवतीखालीं जातांना कोण स्वस्थ बसेल? परंतु क्षोभानें भलतीं वळणें घेतलीं. शास्त्रज्ञांनींच जंतु आणला अशी आवई उठली. डिसेंबर २०१५ मध्यें लेच्चे येथील सरकारी वकिलांनीं झाडांची तोड थांबविली व शास्त्रज्ञांसह दहा जणांची चौकशी आरंभिली. ती २०१९ सालीं कोणावरही खटला न होतां मिटली. रोग मात्र त्या अवधींत उत्तरेकडे सरकत राहिला. दुसऱ्या बाजूस, 'किडा मारा' असा पुकारा झाला, व २०१८ सालीं सरकारनें कीटकनाशकांचे फवारे सक्तीचे केले.

माझें म्हणणें इतकेंच कीं, हा चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा प्रकार आहे. किडा तेथें पुरातन काळापासून आहे, ऑलिव्हही पुरातन आहे. २०१३ पूर्वीं दोघांचें वैर कोणीं ऐकलें होतें? शिवाय हा जंतु आईकडून अंड्यांत उतरत नाहीं. पिल्लांस तो लागला तरी कात टाकतांना निघून जातो. म्हणजे पंख फुटतांना ह्या किड्याची प्रत्येक पिढी निर्दोष असते, आणि रोगी झाडाचा रस प्यायल्यावरच ती विषाची वाहक होते. मग तें पहिलें रोगी झाड तेथें आणलें कोणीं? जंतूच्या वंशावळीचा शोध करणाऱ्या शास्त्रज्ञांचें अनुमान असें आहे कीं, तो मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशाहून, शोभेसाठीं मागविलेल्या कॉफीच्या रोपांतून आला. त्या देशाहून व होंडुरासहून कॉफीचीं रोपें आणण्यास युरोपीय संघानें बंदी केली ती २०१५ सालीं, घर जळाल्यावर विहीर खणावी तशी.

कोणी म्हणेल, किडा नसता तर रोग पसरलाच नसता. खरें आहे, पण हजार जातींच्या झाडांवर राहणाऱ्या प्राण्यास विषानें निपटून काढूं म्हणतां मधमाशीपासून फुलपांखरापर्यंत किती जीव त्याच्याबरोबर जातील, ह्याचाही हिशेब मांडला पाहिजे.

आपल्याकडे शोभेचें झाड म्हणून आणलेल्या घाणेरीनें डोंगरच्या डोंगर व्यापले आहेत, हें सहलीस गेलेला प्रत्येक विद्यार्थी जाणतो. परदेशची रोपें येथें आणण्यावर १९१४ च्या कायद्याचें व २००३ च्या आदेशाचें नियंत्रण आहे. तरीही परदेशाहून परततांना ट्रंकेंत ओल्या रुमालांत गुंडाळलेली एखादी फांदी आणणें हें कित्येक सुशिक्षित घरांत कौतुकाचें मानलें जातें. बंदरावरचा अधिकारी ती काढून घेऊं लागला म्हणजे आपण त्यास नांवें ठेवतों. मला तर त्याची बाजू बरोबर वाटते, व ती घरीं मुलांसमोर बोलून दाखविण्याची पालकांस लाज वाटूं नये.

सालेंतोंत आतां शहाणपणाचे उपायही चालू आहेत. वसंतांत, पिल्लें अजून फेसांत असतांना, ऑलिव्हच्या बागेंतील तण नांगरून किंवा कापून टाकतात. त्यामुळें पंख फुटून झाडावर चढणारे किडे पुष्कळ कमी होतात, आणि विषाचें काम बरेंच हलकें होतें. लेच्चीनो व फावोलोझा ह्या, रोगास सहजीं दाद न देणाऱ्या जातींची लागवड होत आहे. कांहीं शेतकरी तर शेंकडों वर्षांच्या जुन्या खोडांवरच लेच्चीनोचीं कलमें बांधीत आहेत. खोड आजोबांचें आणि पालवी नवी.