जुळणी येथे, भिंगाची रचना कुठे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोबाइलमधील कॅमेरा मॉड्यूलही तिच्या कक्षेत येते. मात्र त्यासाठीचे प्रोत्साहन प्रामुख्याने उलाढालीशी निगडित आहे. भिंगे आयात करून येथे बसवली तरी उलाढाल वाढते. भिंग कसे असावे हे ठरवण्याची विद्या त्यामुळे वाढतेच असे नाही.

ही विद्या प्रकाशीय अभियंत्याची. भिंगाचा वक्र संगणकावर आखणे हा तिचा लहानसा भाग. मोबाइलच्या कॅमेऱ्यात बहुधा पाच ते सात प्लॅस्टिकची भिंगे एकावर एक बसवलेली असतात; एखादे काही मायक्रॉन सरकले तरी प्रतिमा धूसर होऊ शकते. उष्णतेने प्लॅस्टिक प्रसरण पावते, साचा झिजतो, आतल्या कडांवरून परतलेला प्रकाश चित्रावर पांढुरकी छटा आणतो. किती चूक खपेल आणि तेवढी अचूकता ग्राहकाला परवडेल का, याचा हिशेब अभियंत्याला मांडावा लागतो. तो हिशेब साचे घडवणाऱ्याशेजारी उभे राहून, फसलेले नमुने तपासूनच जमतो.

देशात हे कौशल्य नाही, असे नव्हे. कावलूर येथील २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा आरसा भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बंगळुरूत घासून, पॉलिश करून सिद्ध केला. १९८६ मध्ये ती दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. तीस वर्षांनी देवस्थळ येथे ३.६ मीटरची दुर्बीण उभी राहिली, तेव्हा ती बेल्जियमच्या कंपनीने घडवली आणि तिचा मुख्य आरसा रशियात पॉलिश झाला. प्रकल्प सुटे सुटे राहिले, की संस्थेतील कौशल्याचा उद्योग होत नाही.

याउलट उदाहरण मदुराईचे. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने १९९२ पासून, आरंभी परदेशी तंत्रज्ञान घेऊन, मोतीबिंदू शस्त्रक्रियेत बसवायची कृत्रिम भिंगे बनवली. आयात भिंगांच्या तुलनेत किंमत कित्येक पटींनी उतरली. ती भिंगे आज अनेक देशांत जातात. तेथे मागणी खात्रीची होती आणि भिंग वापरणारे शल्यविशारद हाताशी होते.

धोरणाने हाच धडा घ्यावा. चिपच्या रचनेसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र प्रोत्साहन योजना आणली. प्रकाशीय रचनेलाही तसाच आधार हवा. प्रोत्साहनाचा काही हिस्सा देशात केलेल्या रचनेशी आणि साच्यांशी जोडावा. नमुने घडवण्याच्या व मोजमापाच्या सामाईक सुविधा औद्योगिक वसाहतींत असाव्यात. सरकारी रुग्णालयांनी एंडोस्कोपसारख्या उपकरणांसाठी काही वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी. आयआयटी दिल्ली आणि कोलकाता विद्यापीठात प्रकाशशास्त्राचे उच्च शिक्षण मिळते; पण चुकांतून शिकण्याची जागा कारखान्यातच असते. ती जागा निर्माण झाली नाही, तर मॉड्यूलवर भारताचे नाव असेल आणि भिंगातील मूल्य परक्याचेच राहील.