जाण्याचा हक्क

दर वर्षी १ फेब्रुवारीला जपानमधल्या व्यावसायिक बेसबॉलच्या बाराही संघांची सराव शिबिरे सुरू होतात. थंडीचा कडाका कमी म्हणून बहुतेक संघ ओकिनावा किंवा मियाझाकीला मुक्काम टाकतात. दुसऱ्या दिवशी तिथली वर्तमानपत्रे नव्या गणवेशातल्या ओळखीच्या चेहऱ्यांनी भरून जातात. जपानी खेळाडूचा करार १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा दहा महिन्यांचा असतो. उरलेल्या डिसेंबर-जानेवारीत सामने नसतात, सक्तीचा सराव नसतो, आणि पुढच्या वर्षी कोणी कुठे खेळायचे याचे निर्णय याच दोन महिन्यांत होतात. या काळाला तिथे ‘स्टोव्ह लीग’ म्हणतात, कारण शेगडीभोवती बसलेल्या चाहत्यांच्या गप्पांना तेव्हा दुसरा विषय नसतो. २०२५-२६ च्या हिवाळ्यातली ही ये-जा आता संपली आहे. कोण गेला आणि किती पैशांना गेला, याची चर्चा पुष्कळ झाली. जाण्याचा निर्णय कोणाच्या हातात होता, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही, आणि आमच्या मते विचारायला हवे होते ते हेच.

गेले त्यांच्यातली मोठी नावे आधी सांगून टाकू. २०२२ मध्ये वयाच्या २२व्या वर्षी एका हंगामात ५६ होमरन मारणारा, सादाहारू ओह यांचा ५५चा आकडा ओलांडणारा याकुल्ट स्वॅलोजचा मुनेताका मुराकामी शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर. योमिउरी जायंट्सचा काझुमा ओकामोतो चार वर्षांसाठी ६ कोटींवर टोरांटोला, आणि सेइबू लायन्सचा पिचर तात्सुया इमाई तीन वर्षांसाठी ५ कोटी ४० लाखांवर ह्यूस्टनला. सेइबूच्याच कोना ताकाहाशीलाही जायचे होते. त्याचे कुठे जमले नाही आणि तो जुन्याच संघात राहिला.

हे सगळे ‘पोस्टिंग’ नावाच्या दारातून गेले. या दाराची किल्ली खेळाडूकडे नसते. संघाच्या मनात आले तरच तो खेळाडूचे नाव अमेरिकेला कळवतो. मग ४५ दिवस वाटाघाटी चालतात, आणि करार झाला तर अमेरिकी संघ जुन्या संघाला मोबदला देतो. करारातल्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १५ टक्के, असा हा हिशेब आहे. मुराकामीच्या जाण्याने याकुल्टला ६५ लाख ७५ हजार डॉलर मिळतात. २०२३ च्या डिसेंबरात योशिनोबू यामामोतो साडेबत्तीस कोटींच्या करारावर डॉजर्सकडे गेला, तेव्हा त्याच्या जुन्या संघाला, ओरिक्सला, पाच कोटींहून अधिक मिळाले होते. संघाने ‘नाही’ म्हटले, तर खेळाडूने थांबायचे.

आणि थांबणे म्हणजे किती? परदेशी जाण्याचा हक्क, म्हणजे फ्री एजंट होण्याचा हक्क, नऊ वर्षांनी मिळतो. देशातल्या देशात संघ बदलायचा असेल तर आठ वर्षांनी. महाविद्यालयातून किंवा कंपनीच्या संघातून आलेल्यांना सात. यातली खरी मेख मात्र वर्ष कसे मोजतात यात आहे. एक वर्ष म्हणजे पहिल्या संघात १४५ दिवसांची नोंद. दुसऱ्या, म्हणजे राखीव संघात, रिकाम्या मैदानांवर, कोणी हंगामच्या हंगाम घालवले तर त्याचा एकही दिवस धरला जात नाही. ज्याला जाण्याची सर्वांत जास्त गरज आहे, जो आपल्या संघात मागे पडला आहे, त्याचा हक्क सर्वांत उशिरा येतो. कित्येकांचा तर येतच नाही.

कोदाई सेंगाचे उदाहरण घ्या. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, विकास-खेळाडू म्हणून, म्हणजे अगदी तळाच्या पायरीवरून, तो सॉफ्टबँक हॉक्समध्ये आला आणि जपानमधल्या पहिल्या दर्जाच्या पिचरांपैकी एक झाला. मला पोस्ट करा, अशी विनंती त्याने वर्षानुवर्षे केली. संघाने ती मान्य केली नाही. हक्काची वर्षे भरली तेव्हा, २०२२ च्या डिसेंबरात, तिशीच्या उंबरठ्यावर तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, आणि सॉफ्टबँकला त्यातून एक डॉलरही मिळाला नाही. योमिउरीच्या कोजी उएहाराची गोष्ट त्याआधीची. त्यालाही वर्षानुवर्षे नकारच मिळाला आणि तो ३३व्या वर्षी गेला. २०१३ मध्ये बोस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा बॅटर बाद करणारा ३८ वर्षांचा पिचर उएहाराच होता. हा माणूस २८व्या वर्षी गेला असता तर काय केले असते, हे आता कोणाला कळणार नाही.

संघांची ही पकड जुनी आहे. १९६४ मध्ये नानकाई हॉक्सने मासानोरी मुराकामी या कोवळ्या पिचरला शिकायला म्हणून सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवले. तो इतका चांगला निघाला की सप्टेंबरात थेट मेजर लीगमध्ये उतरला, आणि त्याच्यावर हक्क कोणाचा यावरून दोन देशांत भांडण पेटले. पुढचा एक हंगाम तिथे खेळून तो परत आला. नंतर तीस वर्षे कोणी गेले नाही. १९९४ चा हंगाम संपल्यावर किंतेत्सूच्या हिदेओ नोमोने नियमांतली फट शोधली. जपानमध्ये निवृत्ती जाहीर केलेला खेळाडू अमेरिकेत खेळायला मोकळा होता. विशीतला, भरात असलेला पिचर कागदोपत्री निवृत्त झाला, त्याबद्दल त्याने देशद्रोह्यासारखी बोलणी खाल्ली, आणि १९९५ मध्ये तो डॉजर्ससाठी २३६ बॅटर टिपून नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. इचिरोपासून ओतानीपर्यंत सगळे ज्या वाटेने गेले, ती या एका माणसाने स्वतःचे नाव पणाला लावून उघडली. पोस्टिंगची पद्धत त्यानंतर, १९९८ मध्ये आली.

अमेरिकेला जाणाऱ्यांची कथा डोळ्यांत भरते. पण देशातल्या देशात, बारा संघ ज्यांत विभागले आहेत त्या सेंट्रल लीगमधून पॅसिफिक लीगमध्ये आणि उलट, जी ये-जा होते ती आम्हाला अधिक अस्वस्थ करते. संघाच्या मोठ्या पगाराच्या पहिल्या दहा खेळाडूंपैकी कोणी फ्री एजंट होऊन दुसरीकडे गेला, तर जुना संघ भरपाई मागू शकतो. भरपाई पैशांत घेता येते, किंवा पैसे आणि माणूस अशीही घेता येते. नवा संघ २८ जणांची सुरक्षित यादी बनवतो, आणि त्या यादीबाहेरचा खेळाडू जुना संघ उचलू शकतो. आपल्या आयपीएलच्या लिलावात निदान भाव सगळ्यांसमोर पुकारला जातो. इथली यादी जाहीरसुद्धा होत नाही. आपण सुरक्षितांत नव्हतो, हे खेळाडूला कळते ते त्याला नेले जाते तेव्हा.

२०१८ च्या हिवाळ्यात योमिउरीने दोन फ्री एजंट घेतले: सेइबूचा कॅचर गिंजिरो सुमितानी आणि हिरोशिमा कार्पचा योशिहिरो मारू, जो लागोपाठ दोन वर्षे सेंट्रल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. सुमितानीच्या बदल्यात सेइबूने तेत्सुया उत्सुमीला मागितले. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी सेंट्रल लीगमध्ये सर्वाधिक विजय मिळवणारा हा डावखुरा पिचर. तरुणपणी ओरिक्सने ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडले असताना, खेळेन तर योमिउरीकडूनच, म्हणून त्याने नकार दिला होता आणि टोकियो गॅसच्या संघात तीन वर्षे काढली होती. मारूच्या बदल्यात हिरोशिमाने हिसायोशी चोनोला उचलले. त्याने तर असा नकार दोनदा दिला होता, २००६ मध्ये निप्पॉन हॅमला आणि २००८ मध्ये लोत्तेला. २००९ मध्ये योमिउरीने निवडल्यावरच तो आला. पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित, त्याच्या पुढच्या वर्षी फलंदाजीत अव्वल. ज्या संघासाठी या दोघांनी उमेदीची वर्षे पणाला लावली, त्या संघाच्या पहिल्या २८ नावांत दोघेही नव्हते. उत्सुमी ३६ वर्षांचा होता, चोनो ३४ चा. दोघांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, नव्या संघाचे आभार मानले आणि गेले.

त्यांच्या या शालीनतेचे तेव्हा फार कौतुक झाले. आम्हालाही तिचे मोल आहे. पण खेळाडू शालीन वागला म्हणून नियम न्याय्य ठरत नाही. स्वतःहून संघ सोडणाऱ्याची किंमत भलत्याच माणसाने चुकवायची, त्याचे घर, त्याच्या मुलांची शाळा एका हिवाळ्यात हलायची, आणि ‘नाही’ म्हणायची सोय त्याला नसायची. यात खेळाचे कोणते हित आहे, ते आम्हाला दिसत नाही.

खेळाडू हलले तर खेळाचे भलेच होते, याचा पुरावा जपानने अलीकडे स्वतःच दिला आहे. २०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा खेळत्या खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. प्रत्येक संघाने संधी न मिळणाऱ्या किमान दोघांची नावे द्यायची आणि दुसऱ्या संघाचा किमान एक घ्यायचा, असा नियम. पॅसिफिक लीगमधल्या सॉफ्टबँकच्या गर्दीत पिचर कोतारो ओताके झाकोळून गेला होता. तो सेंट्रल लीगमधल्या हानशिन टायगर्सकडे आला आणि २०२३ मध्ये १२ विजय, २ पराभव अशी कामगिरी करून गेला. त्याच वर्षी हानशिनने १९८५ नंतर पहिल्यांदा जपान सिरीज जिंकली. योकोहामाने सोडलेल्या सेइया होसोकावाने चुनिचीसाठी २४ होमरन मारले. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये निप्पॉन हॅमने शुन मिझुतानीला घेतले. सॉफ्टबँकमध्ये पाच वर्षांत त्याला पहिल्या संघात एकदाही उतरवले नव्हते. २०२४ मध्ये दोन लीगमधल्या आंतर-सामन्यांत त्याने .४३८ च्या सरासरीने फलंदाजी केली, जी त्या सामन्यांच्या इतिहासातली सर्वोच्च ठरली. ही माणसे ड्राफ्टने घडवली नाहीत. ती आधीपासून तिथेच होती, दुसऱ्या संघाच्या मैदानावर, १४५ दिवसांच्या हिशेबाबाहेर. अशी आणखी किती असतील, या विचाराने चैन पडत नाही.

मुदत कमी केली तर श्रीमंत संघ आणि अमेरिका सगळे चांगले खेळाडू ओढून नेतील, लहान संघ रिकामे होतील, असा आक्षेप आहे. तो खोटा नाही. रोकी सासाकी २३व्या वर्षी डॉजर्सकडे गेला तेव्हा, २५ वर्षांखालच्या परदेशी खेळाडूंच्या रकमेवरच्या मर्यादेमुळे, त्याला मिळाले ६५ लाख डॉलर आणि त्याच्या जुन्या संघाला, लोत्तेला, त्याचा चौथा हिस्सा, जेमतेम सव्वासोळा लाख. सलग १७ डावांत एकही बॅटर बेसवर न जाऊ देणाऱ्या, १९ बळी घेत परफेक्ट गेम टाकणाऱ्या पिचरच्या मानाने ही रक्कम काहीच नाही. अशा वेळी लहान संघाला भरघोस मोबदला मिळाला पाहिजे, यात वाद नाही. पण तो पैशांत मिळावा. दुसऱ्या खेळाडूच्या रूपात नको, आणि कोणाची उमेद संपेपर्यंत त्याला अडवून तर मुळीच नको.

शिवाय, मोकळा सोडलेला खेळाडू परत येतच नाही असे थोडेच आहे? हिरोशिमा कार्प हा लोकवर्गणीवर तगलेला संघ. पैसा कमी, त्यामुळे दुसऱ्यांचे फ्री एजंट घेण्याच्या वाटेला तो जात नाही. त्यांचा पिचर हिरोकी कुरोदा अमेरिकेत सात हंगाम खेळला. २०१४ च्या डिसेंबरात मेजर लीगचे संघ कितीतरी पट अधिक द्यायला तयार असताना त्याने हिरोशिमाला परतायचे ठरवले. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. २०१६ मध्ये कार्पने २५ वर्षांनी सेंट्रल लीग जिंकली, आणि त्या मोसमानंतर तो निवृत्त झाला. त्याला कोणत्याही नियमाने परत आणले नव्हते.

जपानी बेसबॉलचे नियम बदलतात, पण बहुधा बाहेरून कोणी दार ठोठावल्यावर. २००४ मध्ये संघांच्या विलीनीकरणाला खेळाडूंनी हरकत घेतली, तेव्हा नुसत्या खेळाडूंनी यात तोंड घालू नये, अशा अर्थाचे उद्गार योमिउरीच्या मालकांनी काढले. त्यावर आत्सुया फुरुता यांच्या नेतृत्वाखाली १८ आणि १९ सप्टेंबरला इतिहासातला पहिला संप झाला, आणि लीगमधल्या संघांची संख्या बाराच राहिली. जपानी ड्राफ्ट टाळून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांवर परतल्यावर बंदी घालणारा नियम २०२० मध्ये गेला, आणि खेळाडूच्या एजंटवरची बंधने २०२४ मध्ये. दोन्ही वेळा तिथल्या स्पर्धा आयोगाने लक्ष घातले होते. पुढच्या बदलासाठी तशी वेळ येऊ देऊ नये. खेळाडू संघटना मुदत कमी करण्याची आणि माणसाच्या रूपातली भरपाई थांबवण्याची मागणी करत आली आहे, आणि ती रास्त आहे. बाराही संघमालकांनी परदेशी जाण्याची नऊ वर्षांची अट सहावर आणावी, दुसऱ्या संघातले दिवसही मोजावेत, आणि खेळाडूच्या बदल्यात खेळाडू उचलण्याचे कलम पुढच्या स्टोव्ह लीगच्या आत रद्द करावे.