‘जेवलीस का गं?’

पाच मिनिटांत चौथ्यांदा सासूबाईंनी हेच विचारलं, की आपला तोल जातो. ‘आत्ताच सांगितलं ना!’ असं तोंडून निघून जातं आणि मग दिवसभर मनाला टोचत राहतं. हे एकाच घरातलं नाही बरं का! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ ॲलिसन रे यांचा मूळ विषय होता तोंडात बसलेली तयार वाक्यं. ‘या, बसा’, ‘बरंय ना?’ अशी वाक्यं आपण शब्द जुळवून बनवत नाही, ती अख्खीच्या अख्खी ओठांवर येतात. डोक्याचे कष्ट वाचतात. २००२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. पुढे त्या वळल्या स्मृतिभ्रंशाकडे. २०२० सालच्या पुस्तकात त्या विचारतात, अशा माणसाशी बोलणं इतकं अवघड का होतं? आपण बोलतो ते समोरच्यानं काही करावं, समजून घ्यावं म्हणून. आजारात तेच जमेनासं होतं आणि दोघंही दुखावतात.

म्हणजे नवं वाक्य जुळेना, की जुनं मदतीला येतं. ‘जेवलीस का?’मध्ये कदाचित ‘जवळ बस’ एवढंच असेल. मग चिडचिड झाली म्हणून स्वतःला दोष कशाला? पण चौथं उत्तर दर वेळी सुनेनंच का द्यावं? लेकानंही बसावं की आईजवळ!