पूर्ण सेटचा मोह: मारिओचा पाईप आणि माझी सदतीस दप्तरं



मागच्या व्हिडिओत माल भरण्याबद्दल बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, की हे गणित मला एका गेमनं नीट समजावलं. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक पोरगा विचारतोय, "ताई, गेम कोणता?" व्हिडिओत दहा मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

गेमचं नाव ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स. निन्टेंडो या जपानी कंपनीचा. 20 मार्च 2020 ला तो बाजारात आला आणि चार दिवसांनी आपल्याकडे लॉकडाऊन जाहीर झालं. माझा धाकटा भाऊ पुण्याहून पेठला आला तो दप्तरात लॅपटॉप आणि स्विच नावाचा गेमचा डबा घेऊनच. दुकानाचं शटर खाली, बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही, आणि घरात हा पठ्ठ्या बेटावर मासे पकडतोय. आधी मी ओरडले. मग शेजारी बसले. मग माझंही खातं उघडलं. (आईचं मत विचारू नका.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्हाला एक बेट मिळतं. सुरुवातीला एक तंबू असतो. शिंपले वेचा, फळं तोडा, मासे विका, घर बांधा. टॉम नूक नावाचा एक प्राणी घराला कर्ज देतो, त्याला व्याज नाही आणि हप्त्याची तारीखही नाही. असा सावकार मला अजून प्रत्यक्षात भेटायचाय. गेममधलं घड्याळ आपल्या खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतं. रात्री दहा वाजले की गेममधलं दुकान बंद होतं, सकाळी आठला उघडतं. गेममधल्या पैशाला बेल्स म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. 1 मार्च 2021 पासून या गेममध्ये सुपर मारिओच्या वस्तू मागवता यायला लागल्या. मारिओची टोपी, प्रश्नचिन्हाची ठोकळी, नाणी, मशरूम, हिरवा पाईप. एका गोष्टीतली पात्रं दुसऱ्या गोष्टीत पाहुणी म्हणून येतात, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. चिप्सच्या पुड्यातल्या पोकेमॉनच्या टाझोंसाठी आम्ही पुडे फोडायचो, चिप्स आवडायच्याच असं नाही. त्याच्याही आधी, राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरातल्या भिंतींवर आणि कॅलेंडरांवर गेल्या. चित्र एका दुनियेतलं, विकायची वस्तू दुसऱ्या दुनियेतली. गिऱ्हाइकाचा हात आपोआप पुढे जातो.

भावाला मारिओचा पूर्ण सेट हवा होता. मला पण हवा होता, खोटं कशाला बोलू. पण गेममध्ये एक अट आहे. नूक शॉपिंगमधून एका माणसाला एका दिवसात पाचच वस्तू मागवता येतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी टपालानं येतात. म्हणजे सगळा सेट गोळा करायचा तर आठवडा तरी जाणार.

माझ्या दृष्टीनं ही अट म्हणजे त्या गेमची सगळ्यात शहाणी गोष्ट. पाचच मागवता येतात म्हटल्यावर डोकं चालायला लागतं. मी वहीत बेटाचा नकाशा काढला. नदीच्या एका बाजूला माझं घर, दुसऱ्या टोकाला दुकान, रोज पळत जायचं. म्हणून पहिल्या दिवशी दोन पाईप मागवले. एक घराजवळ ठेवला, एक दुकानाजवळ. एका पाईपात शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर यायचं. रोजची पायपीट वाचली. पाईप ही त्या सेटमधली काम करणारी वस्तू आहे, बाकी बहुतेक शोभेच्या. त्यानंतर काय हवं ते मी जागा बघून ठरवलं. अंगणाच्या कोपऱ्यात दोन मशरूम, एक ठोकळी. बास. नऊ-दहा वस्तूंत माझा कोपरा असा सजला की भाऊ म्हणाला, "ताई, हे तर पूर्ण सेट असल्यासारखं वाटतंय."

त्याची पद्धत वेगळी होती. त्यानं कन्सोलचं घड्याळच पुढे सरकवलं. आजच्या पाच वस्तू मागवल्या, तारीख उद्याची केली, टपाल घेतलं, पुन्हा पाच मागवल्या, पुन्हा तारीख पुढे. दोन तासांत बारा दिवस उडवले. खेळणारे याला टाइम ट्रॅव्हल म्हणतात. सेट पूर्ण झाला. मग आठवलं की मी रविवारी टर्निप घेऊन ठेवलेत.

टर्निप म्हणजे सलगमसारखा कंद. रविवारी सकाळी एक डुकरीण विकायला येते, भाव साधारण 90 ते 110 बेल्स. सोमवार ते शनिवार दुकानात त्याचा भाव रोज दोनदा बदलतो. योग्य भावाला विकले तर चांगले पैसे, पुढच्या रविवारपर्यंत नाही विकले तर सडतात. आपल्या टोमॅटोवाल्यांना वेगळं समजवायला नको. बारा दिवस पुढे म्हटल्यावर रविवार कधीच उलटला होता. आणि घड्याळ मागे नेलं म्हणून ते परत ताजे होत नाहीत, मागे नेल्यावर तर चांगले असलेलेही सडतात. माझं सगळं भांडवल त्यात होतं. बेटभर गवत माजलं होतं ते वेगळंच. त्यानं तिसरा पाईपसुद्धा ठेवला होता, आणि दोनपेक्षा जास्त पाईप झाले की कुठून बाहेर पडू ते नशिबावर. मी घरी जायला निघाले की समुद्रकिनाऱ्यावर निघायचे.

नंतर त्यानं नको असलेल्या वस्तू विकायला काढल्या. दुकानदार टिमी आणि टॉमी घेतलेल्या किमतीच्या चौथा हिस्साच देतात. चारशेची वस्तू शंभरला. त्याचा उतरलेला चेहरा बघून मला हसू आलं, आणि हसता हसता थांबले, कारण माझ्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या कागदाखाली सदतीस दप्तरं पडली होती.

ती गोष्ट 2019 च्या मे महिन्यातली. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे आमचा सीझन मे अखेर ते जुलै. त्या वर्षी मी नाशिकला माल भरायला गेले. एका होलसेलवाल्याकडे कार्टूनची दप्तरं होती, पाच डिझाइन. मला एक-दोन डिझाइनची डझन-डझन हवी होती. तो म्हणाला, "मॅडम, सेट फुटत नाही. पाचही घ्या, प्रत्येकी डझन. असा माल पेठमध्ये कुणाकडे नसेल." शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. साठ दप्तरं, 240 ला एक, 14,400 रुपये. त्यातले अर्धे उधारीवर. सावळघाट चढताना गाडीत मागे वळून वळून दप्तरं बघत होते, एवढी खूश.

तेवीस विकली गेली. त्यातली बरीच एकाच डिझाइनची. उरलेल्या सदतीसमध्ये 8,880 रुपये अडकले. आमच्या तालुक्यात पावसाळा म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. आईबापांना पाणी आत न जाणारं, चेन न तुटणारं, दोन वर्षं टिकणारं दप्तर हवं असतं. पोरगं कार्टूनकडे बोट दाखवतं, बाप चेन ओढून बघतो. माझ्या दप्तरांची चेन दुसऱ्या ओढीत अडकायची. होलसेलवाला परत घेईना. उधारी मात्र वेळेत द्यावी लागली, ती वह्यांच्या गल्ल्यातून दिली, आणि मग वह्या भरायला पैसे कमी पडले. जुलैमध्ये दोनशे पानी वही मागायला आलेलं गिऱ्हाईक मी समोरच्या दुकानात पाठवलंय.

उधारी आणि भावाचं ते घड्याळ पुढे सरकवणं, मला तरी दोन्ही एकच वाटतं. पुढच्या दिवसांचा माल आज घरात आणला, पण पुढच्या दिवसांचं गिऱ्हाईक आज येत नाही. मी उधारीच्या विरोधात नाही. वह्या, पेनं, साबण असा रोजचा चालता माल उधारीवर घ्या, तो फिरतो. फॅशनचा माल उधारीवर घेऊ नका. यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच ट्रेनर आहेत. ते म्हणतात, रिस्क घेतल्याशिवाय धंदा होत नाही. त्यांनी एकदा आमच्या गल्लीत दुकान टाकून दाखवावं.

चित्रवाला माल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. उलट त्यात ताकद आहे. हॅलो किटीवाली सॅनरिओ कंपनी घ्या. 1960 मध्ये शिंतारो त्सुजी यांनी सुरू केली. आधी रेशीम, मग रबरी सपाता. त्या सपातांवर फुलाचं चित्र काढल्यावर त्या जास्त खपतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि धंद्याची दिशाच बदलली. 1974 मध्ये हॅलो किटी तयार झाली, तिची पहिली वस्तू म्हणजे चिल्लर ठेवायचं छोटंसं पाकीट. बघा, सपाता आणि पाकीट. लोकांना तसंही लागणारं सामान, त्यावर चित्र. माझ्या दप्तरांवर चित्र होतं, खाली दप्तर नव्हतं.

हीच सॅनरिओ पुढे ॲनिमल क्रॉसिंगमध्ये आली, आणि तिथे प्रकार वेगळा झाला. तिच्या वस्तू गेममध्ये नुसत्या बेल्स देऊन उघडत नाहीत. बाहेर, खऱ्या दुनियेत, सहा कार्डांचं पाकीट विकत घ्यायचं, कार्ड कन्सोलला टेकवायचं, मग त्या वस्तू मागवता येतात. मार्च 2021 मध्ये अमेरिकेत हे पाकीट टार्गेट या एकाच दुकान-साखळीत 5.99 डॉलरला विक्रीला आलं. बघता बघता संपलं आणि मग लोक ते कितीतरी पट भावानं पुन्हा विकू लागले. भाऊ तेव्हा ऑनलाइन कुठून तरी हुबेहूब दिसणारी नकली कार्डं मागवायच्या तयारीत होता. मी त्याला म्हटलं, तुझ्याबरोबर खेळणाऱ्या कुणाकडे खरं कार्ड असेल तर त्याच्याकडून वस्तू घे आणि बदल्यात आपली फळं, फर्निचर दे. गेममध्ये तशी देवाणघेवाण चालते. पुण्याच्या एका मित्राकडून त्याला चार वस्तू मिळाल्या. चारच, पण त्याच्या खोलीला पुरल्या.

नकली वरून सांगते, कारण हे ट्रेनिंगमध्ये कुणी विचारत नाही आणि मला पण उशिरा कळलं. माझी ती साठ दप्तरं नकली होती. त्या कार्टूनच्या मालकानं त्यांना परवानगी दिलेली नव्हती. ट्रेड मार्क्स ॲक्ट, 1999 प्रमाणे नकली ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. बनवणाऱ्याला नाही फक्त, विकणाऱ्याला. आपण अजाणतेपणी विकलं, पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करता आलं तर सुटका आहे, पण त्यासाठी माल कुणाकडून घेतला ते सांगता यायला हवं. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी होती, त्यावर नाव पण नव्हतं. तेव्हा चित्रवाला माल घेताना लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परवान्याची ओळ आहे का बघा, आणि पक्कं बिल घ्या. बिल देत नाही म्हणाला तर पायऱ्या उतरा. स्वस्त पडतंय म्हणून थांबू नका.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे हरसूलकडची एक ताई. गेल्या महिन्याच्या बॅचला होती. बचत गटाकडून पहिल्यांदाच 15,000 रुपये कर्ज मिळालंय, घराच्या ओट्यावर दुकान टाकायचंय. मोबाइलवर मला फोटो दाखवला, कार्टूनचे डबे, बाटल्या, कंपासपेट्या, सगळं एका रंगात, सुंदर मांडलेलं. म्हणाली, "ताई, पूर्ण सेट 13,000 ला देतोय." मला माझीच गाडी दिसली सावळघाटात.

मी तिला नाही म्हणाले नाही. आम्ही वही काढली. तिच्या पाड्यावरून शाळेत जाणारी पोरं किती, ती म्हणाली साठ-सत्तर. त्यातली डबा नेणारी किती? ती हसायला लागली, कारण दुपारचं जेवण शाळेतच मिळतं. डबे तिथेच कटले. बाटल्या राहिल्या, पण डझनभरच. कंपासपेट्या पाचवीच्या पुढच्या पोरांसाठी. हिशेब करता करता चित्रवाला माल 2,000 च्या आत आला. बाकी वह्या, पेन्सिली, बिस्किटं, साबण, काडेपेटी, मीठ. आणि 4,000 हातात राखून ठेवायचे, कारण पहिल्या आठवड्यात काय खपतं ते बघूनच दुसऱ्यांदा भरायचं. ती थोडी नाराज झाली. फोटोतल्यासारखं दुकान दिसणार नाही म्हणाली. खरं आहे, दिसणार नाही.

तिला मी एक गोष्ट बांधून दिलीय, गेममधून उचललेली. एका फेरीला नव्या, न खपवून पाहिलेल्या वस्तू पाचच. पाच प्रकार, आणि प्रत्येकाचे अर्धा डझनपेक्षा जास्त नग नाहीत. होलसेलवाला म्हणाला सेट फुटत नाही, तर शेजारच्या गावातल्या दोघीतिघींनी मिळून सेट घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, जसं भावानं मित्राकडून चार वस्तू घेतल्या. तिच्या गटातल्या दोघी तयार झाल्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिघी नाशिकला जाणार आहेत, मी पण बरोबर जातेय.

माझ्या सदतीस दप्तरांचं काय झालं ते विचाराल. चित्रं काढून, चेनी बदलून, एका शिंप्याकडून त्यांच्या बाजारपिशव्या करून घेतल्या. पाच-सहा तेवढ्या उरल्यात. त्यातलीच एक घेऊन मी नाशिकला माल भरायला जाते.