शिळ्या गांजाचे रसायन

शिळा गांजा नशा कमी देतो आणि गुंगी जास्त आणतो, अशी एक जुनी समजूत आहे. या एका समजुतीच्या जोरावर अमेरिकेत गेल्या काही वर्षांत झोपेच्या गोळ्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. फळांच्या चवीच्या, जेलीसारख्या मऊ, रंगीत गोळ्या. पाकिटावर चंद्र आणि चांदण्या, आणि ठळक तीन अक्षरे : सीबीएन, म्हणजे कॅनाबिनॉल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून सुटीवर येणाऱ्या लेकीच्या बॅगेतून त्या पुण्या-मुंबईच्या घरांतही पोचू लागल्या आहेत. “आई, तुला झोप लागत नाही ना? अर्धी घेऊन बघ, नैसर्गिक आहे.” असेच एक पाकीट परवा परिचयातल्या एका घरी पाहायला मिळाले. आई सत्तरीच्या पुढच्या, रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घेणाऱ्या. लेकीची माया खरी होती. पाकिटावरच्या शब्दांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही, म्हणून हे लिहिणे.

‘नैसर्गिक’ या शब्दापासूनच सुरुवात करू. गांजाचे झाड सीबीएन स्वतः बनवत नाही म्हटले तरी चालेल. झाडात तयार होते ते टीएचसीचे आम्लरूप. सुकताना आणि तापवल्यावर त्याचे टीएचसी होते, आणि नशा येते ती या टीएचसीने. हे टीएचसी हवेत आणि उजेडात पडून राहिले की हळूहळू त्याच्या रेणूतले चार हायड्रोजन अणू गळतात आणि जे उरते ते सीबीएन. तेल खवट होते, लोखंड गंजते, त्यातलाच हा प्रकार. मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी साठवलेल्या गांजाचे नमुने वर्षानुवर्षे तपासून १९९९ मध्ये आकडे दिले : खोलीच्या तापमानाला एका वर्षात साधारण १६ टक्के टीएचसी नाहीसे होते, चार वर्षांत ४१ टक्के. टीएचसी उतरत जाते तसे सीबीएनचे प्रमाण वाढत जाते, इतके की या दोहोंच्या गुणोत्तरावरून माल किती जुना असावा याचा अंदाज बांधता येतो. मालखान्यात खटल्याची वाट पाहत पडलेला मुद्देमाल रासायनिकदृष्ट्या रोज थोडा बदलत असतो, हेही त्यातून कळते.

या रसायनाचा शोधही जुन्या मालातूनच लागला, आणि तो माल आपल्याकडचा होता. १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानात भांग, गांजा आणि चरस यांची सरकारी चौकशी झाली. ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, असा निर्वाळा दिला. पण ज्याची चौकशी झाली त्याच्यात नेमके काय असते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच सुमाराला केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तीन रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय चरस हाती घेतला. ऊर्ध्वपातन करता करता त्यांना एक घट्ट, लालसर तेल मिळाले. १८९६ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पुढे त्या तेलातून वेगळ्या काढलेल्या पदार्थाला कॅनाबिनॉल हे नाव मिळाले. गांजाच्या झाडाशी संबंधित असा शुद्ध स्वरूपात वेगळा काढलेला हा पहिला घटक.

आणि त्यांना वाटले, नशेचे मूळ हेच. हा समज पुढे बरीच वर्षे टिकला. १९३० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट कान यांनी त्याच्या रेणूची बरीचशी रचना उलगडली. १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स आणि इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांनी तो स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत घडवला. हे टॉड म्हणजे पुढे १९५७ चे नोबेल मिळवणारे. खरे नशा आणणारे द्रव्य मात्र १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकूलम यांच्या हाती लागले : टीएचसी. तेव्हा कुठे उलगडा झाला, की दूरच्या प्रवासात आणि साठवणीत जुना झालेल्या चरसात जे मोठ्या प्रमाणावर सापडले, ते या टीएचसीचे उतारवयातले रूप होते. नशा आणणाऱ्या द्रव्याच्या शोधात निघालेल्यांना आधी त्याचा अवशेष सापडला, आणि अवशेषालाच त्यांनी मूळ मानले. सीबीएनची ही पहिली गैरसमजूत. आजच्या पाकिटावर आहे ती दुसरी.

काळ जास्त गेला की अवशेषच मुख्य उरतो. चीनच्या पश्चिमेला तुर्फानजवळ यांगहाय येथे सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात ७८९ ग्रॅम गांजा सापडला. रंगाने अजून हिरवा, मृताच्या उशा-पायथ्याशी नीट ठेवलेला. २००८ मध्ये त्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात ठळकपणे दिसले ते सीबीएन. टीएचसी केव्हाच विरून गेले होते. पामीरच्या पठारावर मिळालेल्या, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी धूपपात्रांतही २०१९ मध्ये संशोधकांना सीबीएनच सापडले आणि त्यावरून तिथे तेव्हा काय जाळले जात होते ते ताडता आले. पुरातत्त्वाला या रसायनाचा इतका भक्कम उपयोग झाला आहे. औषध म्हणून त्याचा उपयोग अजून तसा सिद्ध व्हायचा आहे.

आता झोपेकडे. ‘सीबीएन झोप आणते’ या दाव्यासाठी वर्षानुवर्षे ज्याचा हवाला दिला गेला, तो १९७५ चा एक प्रयोग. त्यात स्वयंसेवक किती होते? पाच. सगळे पुरुष. त्यांना कधी ५० मिलिग्रॅम सीबीएन दिले, कधी टीएचसी, कधी दोन्ही मिळून. दोन्ही मिळून दिल्यावर गुंगी आणि चक्कर अधिक जाणवली. नुसत्या सीबीएनने तसे काही झाले नाही. म्हणजे ज्या प्रयोगाच्या आधारावर गोळी विकली जाते, तोच प्रयोग गोळीच्या दाव्याला छेद देतो. २०२१ मध्ये या विषयावरचे सगळे साहित्य चाळून एका अभ्यासकाने स्पष्ट लिहिले, की झोपेच्या दाव्याला पुरेसा पुरावा नाही. मग जुन्या गांजाने गुंगी येते ती कशाने? गांजाच्या वासातली हलकी तेले लवकर उडून जातात, जड तेले मागे राहतात आणि गुंगीचा गुण त्यांचा असावा, असा एक तर्क मांडला गेला आहे. तर्क पटण्याजोगा आहे, सिद्ध झालेला नाही.

इथे दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण सीबीएन निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत जवळपास ३०० जणांवर एक नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. आपली झोप चांगली नाही असे स्वतः सांगणारी ही माणसे. त्यांना सात रात्री २० मिलिग्रॅम सीबीएन किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, आणि कुणाला काय मिळाले हे दोन्ही बाजूंना कळू दिले नाही. झोपेची प्रत हा चाचणीचा मुख्य निकष, आणि त्यात ठाम फरक दिसला नाही. झोप लागायला लागणारा वेळही कमी झाला नाही. रात्री जाग येण्याचे प्रमाण मात्र कमी झाले आणि एकंदर झोपमोडही घटली. पुढच्याच वर्षी सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की उंदरांची झोप सीबीएनने खरोखर वाढते. शरीरात गेल्यावर त्यापासून जे दुसरे रसायन तयार होते, त्याचाही त्यात हात असावा. मेंदूतल्या ज्या ग्राहींना टीएचसी घट्ट धरते, त्यांना सीबीएनही धरते, पण कितीतरी सैल पकडीने. म्हणजे धागा आहे. धाग्याचे अजून कापड झालेले नाही, आणि दुकानात मात्र शिवलेला सदरा टांगला आहे.

झोपेपलीकडचे काही धागे मला अधिक मोलाचे वाटतात. २००८ मध्ये प्रयोगशाळेतल्या काचपात्रात सीबीएनने आणि गांजातल्या इतर चार घटकांनी, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंची वाढ रोखली. रुग्णालयांत जखमा चिघळवणारे हेच जिवाणू. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये चेतापेशींवरच्या प्रयोगांत दिसले, की सीबीएन पेशींतल्या मायटोकाँड्रियाला जपते आणि पेशी मरण्याची एक प्रक्रिया थोपवते. तेही टीएचसी ज्या वाटेने काम करते ती वाट न धरता. भूक वाढवण्याचा गुण उंदरांत दिसला आहे. हे सगळे काचपात्रातले आणि पिंजऱ्यातले निष्कर्ष. माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे आणि तो चालावाच लागतो. सीबीडी हा गांजातलाच दुसरा घटक तो चालून आला. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर रीतसर चाचण्या झाल्या, मात्रा ठरली, यकृतावर होणारे दुष्परिणाम नोंदले गेले, आणि मग २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. सीबीएनला अशी मान्यता कोणत्याही विकारासाठी मिळालेली नाही.

शिवाय पाकिटातले सीबीएन गांजा जुना करून मिळवलेले असते, असेही फारसे नाही. तसे करणे परवडत नाही. बहुतेक माल सीबीडीवर आयोडीनसारख्या रसायनांची प्रक्रिया करून बनवला जातो. त्यात काही गैर आहे असे नाही, कितीतरी उत्तम औषधे प्रयोगशाळेत बनतात. पण मग शुद्धीकरण नीट झाले का, प्रक्रियेतले काय मागे उरले, टीएचसीचा अंश किती, हे कुणीतरी तिऱ्हाइताने तपासायला हवे, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द पाकिटावरून खाली उतरवायला हवा.

आपल्याकडे या झाडाशी ओळख जुनी आहे. महाशिवरात्रीची भांग सगळ्यांना ठाऊक असते. आयुर्वेदात ती विजया या नावाने येते, जातीफलादी चूर्णात पडते, पण वापरण्याआधी तिचे शोधन सांगितलेले आहे. आपल्या औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा छापणे बंधनकारक आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ, अशी व्याख्या केली. शेंड्यांविना असलेली पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळेच पानांच्या अर्काची विजया-औषधे आज आयुर्वेदिक परवान्यावर विकली जातात, ऑनलाइनही. त्यांच्याबद्दल माझी मागणी साधी आहे. अर्कात टीएचसी किती, सीबीडी किती आणि सीबीएन किती, हे बाटलीवर मिलिग्रॅममध्ये छापलेले असावे, बनवल्याच्या दिवशीचे आणि मुदत संपतानाचे, दोन्ही. जे द्रव्य बाटलीतच एकाचे दुसरे होत जाते, त्याला एकच आकडा पुरत नाही. आणि ज्या देशाच्या चरसातून हे रसायन जगाला पहिल्यांदा मिळाले, त्या देशातल्या सरकारी प्रयोगशाळांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यावर माणसांतल्या चाचण्या हाती घ्याव्यात. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न आपल्या रुग्णालयांत रोजचा आहे, सुरुवात तिथून करावी.

परदेशातून येणाऱ्या मुलामुलींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. अमेरिकेत ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या गांजाच्या झाडाला, म्हणजे हेम्पला, २०१८ च्या शेती कायद्याने सूट दिली. आपल्या कायद्यात अशी टक्क्यांची सूट नाही. गोळीत टीएचसीचा अंश निघाला तर विमानतळावर ‘तिकडे दुकानात मिळते’ हे उत्तर चालणार नाही. दुसरी गोष्ट वयस्कर आईवडिलांची. गुंगीत रात्री उठून तोल गेला तर खुब्याचे हाड मोडते. शिवाय यकृतातली जी एन्झाइम रोजची औषधे पचवतात, त्यांच्या कामात गांजातले घटक ढवळाढवळ करतात. सीबीडीमुळे वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम वाढल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, आणि सीबीएनही अशा काही एन्झाइमना अडवते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ज्या आजींचा सुरुवातीला उल्लेख केला, त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, हे पाकीट आणणाऱ्या लेकीच्या ध्यानातही आले नव्हते.

झोप न लागणे हे दुखणे खरे आहे, रात्र रात्र छताकडे बघत काढणाऱ्यालाच ते कळते. त्यावर पहिला उपचार म्हणून जगभर सुचवला जातो तो गोळीचा नव्हे, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती बदलण्याचा, आणि तो आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांनाही येतो. पाकीट आधीच घरात आले असेल, तर आईच्या हातावर ती अर्धी गोळी ठेवण्यापूर्वी तिच्या रोजच्या औषधांची चिठ्ठी आणि ते पाकीट, दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.