पैशापैशाचा हिशेब

ज्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिला, त्या गावाला पैशापैशाच्या हिशेबाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. तथापि २०२२ नंतरची काही वर्षे येथील नगरपरिषदेचे अंदाजपत्रक प्रशासकाच्या सहीने मंजूर होत आले; त्यावर लोकनियुक्त सदस्यांची चर्चा नाही की एखादी कपात-सूचना नाही. पैसा मात्र घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांचाच! डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनी हा खंड संपविला. आता तरी सदस्यांनी खास सभेत घटकाभरात हात वर करून मोकळे होऊ नये. गतवर्षी पाण्यासाठी धरलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष किती खर्ची पडली, एवढा एक प्रश्न तरी विचारावा. आणि सभेपूर्वी आठ दिवस अंदाजपत्रक नागरिकांस वाचावयास ठेवावे.