विश्लेषण : प्राध्यापकाची खुर्ची रिकामी, बिल विद्यार्थ्याच्या नावे; उच्च शिक्षणाच्या निधीचा पेच काय आहे?

'एनआयआरएफ' क्रमवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2024 मध्ये देशातील विद्यापीठांत 23व्या स्थानी होते. सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या यादीत ते 56व्या स्थानावर घसरले. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे अकोले, पाथर्डी किंवा जामखेडच्या विद्यार्थ्याच्या पदवी प्रमाणपत्रावरही हेच नाव असते. या घसरणीनंतर प्राध्यापकांच्या रिक्त पदांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. विद्यापीठ प्रशासन आणि विद्यार्थी संघटना एरवी समोरासमोर असतात, पण या मागणीवर त्यांचे एकमत आहे.

महाविद्यालयाला पैसा कुठून येतो?
अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांचा पगार राज्य सरकार देते. विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा सगळा खर्च मात्र शुल्कातून भागवावा लागतो. अनेकदा एकाच इमारतीत बीएस्सी अनुदानित असते, तर बीसीए विनाअनुदानित. म्हणून शेजारच्या दोन वर्गांतील शुल्कात मोठा फरक पडतो.

पदे रिकामी का राहिली?
प्राध्यापक निवृत्त झाला की पद आपोआप भरले जात नाही. त्यासाठी वित्त विभागाची मान्यता लागते. नोव्हेंबर 2018 मध्ये सरकारने रिक्त पदांपैकी 40 टक्के, म्हणजे 3,580 सहायक प्राध्यापक पदे भरण्यास परवानगी दिली. त्यातील 1,492 पदे भरली गेली आणि मे 2020 मध्ये करोनामुळे नोकरभरतीवर निर्बंध आले. उरलेल्या 2,088 पदांना नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा मान्यता मिळाली. म्हणजे एकच मंजुरी दोन टप्प्यांत वापरली गेली. दरम्यान निवृत्ती मात्र थांबली नव्हती.

मग शिकवते कोण?
तासिका तत्त्वावरील प्राध्यापक. 2022 च्या निर्णयानुसार पदवीच्या एका व्याख्यानाला 900 रुपये मिळतात. आठवड्याला नऊ तास धरले, तर चार आठवड्यांचे 32,400 रुपये होतात. सुट्टी आणि परीक्षेच्या काळात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच 57,700 रुपये आहे, भत्ते वेगळे. पात्रता तीच, काम तेच, पण पुढच्या वर्षी बोलावणे येईल याची खात्री नाही. नेट-सेटधारकांनी पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर वारंवार आंदोलने केली, ती याच कारणाने.

क्रमवारीशी त्याचा संबंध काय?
'एनआयआरएफ'मध्ये अध्यापन, अध्ययन आणि संसाधने या निकषाला 30 टक्के वजन आहे. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण त्यातच मोजले जाते. कायम प्राध्यापक कमी असतील तर पीएचडीचे मार्गदर्शक कमी होतात आणि शोधनिबंधही घटतात. एका रिक्त पदाचे गुण असे दोन-तीन ठिकाणी कापले जातात.

नगर जिल्ह्याला हा प्रश्न जास्त का भिडतो?
1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी जिल्ह्यात लोणी, कोपरगाव आणि संगमनेर अशा तीन ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. सहकाराच्या पट्ट्यात तंत्रशिक्षण घरापाशी आले, सरकारचा भांडवली खर्चही वाचला. मात्र खर्चाचा भार शुल्काच्या रूपाने पालकांवर गेला. मे 2025 मध्ये चौंडीतील मंत्रिमंडळ बैठकीत जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले. त्याचे स्वागत मोठे झाले, ते या पार्श्वभूमीवर.

विद्यार्थ्यांना काय हवे आहे?
पूर्णवेळ शिक्षक, परवडणारे वसतिगृह आणि वेळेवर शिष्यवृत्ती. जुलै 2024 च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. पण ही रक्कम सरकारने संस्थेला द्यायची असते. ती रखडली की संस्थेचे गणित बिघडते आणि तगादा विद्यार्थिनीकडे जातो. शिवाय मेस आणि खोलीभाडे या माफीत येत नाही.

केंद्राची जबाबदारी नाही का?
आहे. 42व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये शिक्षण समवर्ती सूचीत आले. 'पीएम-उषा' योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के वाटा उचलते. पण हा पैसा मुख्यतः इमारती, उपकरणे आणि सुविधांसाठी असतो. प्रयोगशाळा नवी झाली तरी प्रात्यक्षिक घेणाऱ्याचा पगार राज्यालाच द्यावा लागतो. शिक्षणावर 6 टक्के खर्च व्हावा ही कोठारी आयोगाची शिफारस 1966 ची. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला तीच पुन्हा लिहावी लागली.

आता लक्ष कशाकडे ठेवायचे?
भरतीची घोषणा झाली की तीन गोष्टी तपासाव्यात. मंजुरी किती जुन्या रिक्त पदांच्या आकड्यावर आहे? अर्थसंकल्पात पगाराची तरतूद त्या प्रमाणात वाढली का? आणि जूनमध्ये वर्ग सुरू होताना आपल्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकात कायम प्राध्यापकांची नावे किती आहेत? पहिली दोन उत्तरे मुंबईत मिळतील, तिसरे कॉलेजच्या सूचना फलकावर.